नव्या शिक्षकाचा पहिला पगार वाढवणाऱ्या शाळेला सरकारने वाटा द्यावा का?

दांडियाबाजारकर

बडोद्यातल्या एका स्वनिर्भर, म्हणजे सरकारी अनुदान नसलेल्या आणि फीवर चालणाऱ्या, शाळेच्या विश्वस्त मंडळावर मी गेली नऊ वर्षे आहे. शाळेत सहाशे मुले आणि वीस शिक्षक आहेत. गेल्या दोन वर्षांत विज्ञान आणि गणिताचे चार शिक्षक सत्र अर्ध्यावर टाकून गेले. शेवटची बाई गेली ती नोव्हेंबरात. सहामाहीचे पेपर तपासून, गुणपत्रके हातावेगळी करून ती गेली; दहावीला परावर्तन शिकवून झाले होते, वक्रीभवन राहिले होते. आम्ही तिला महिना बारा हजार देत होतो. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला त्याहून सहा हजार जास्त मिळाले. तिला थांब म्हणायला आमच्यापैकी कोणालाच तोंड नव्हते.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याची एक योजना अलीकडे माझ्या वाचनात आली. तिथे कायद्याने ठरवलेला शिक्षकाचा किमान पगार वर्षाला २५,००० डॉलर एवढाच राहिला होता. २०२२ मध्ये राज्याने शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना सांगितले की तुम्ही सुरुवातीचा पगार ३८,००० डॉलरपर्यंत न्या. वाढीव खर्चातले ७० टक्के आम्ही देऊ, ३० टक्के तुम्ही घाला. सक्ती नव्हती, ज्याला हवे त्याने अर्ज करायचा होता.

गुजरात सरकारने आमच्यासारख्या शाळांसाठी असे काही करावे का, आणि केले तर तो पैसा शिक्षकाच्या हातात खरोखर पोचेल का, हे मला समजून घ्यायचे आहे. येथे शिक्षक, पालक आणि हिशेबातले जाणकार असे सगळेच आहेत, म्हणून मोकळेपणाने विचारतो.

पालक_कारेलीबाग

शाळा माझ्याकडून फी घेणार, शिक्षिकेला बारा हजार देणार आणि उरलेली भर माझ्याच करातून घालावी म्हणणार, हे मला पटत नाही. आधी फीचा पैसा जातो कुठे ते सांगा.

हिशेबनीस

कारेलीबागकरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधायची जागा आपल्याकडे आधीपासून आहे. २०१७ च्या फी नियमन कायद्याने स्वनिर्भर शाळांना प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० आणि माध्यमिकसाठी २५,००० रुपयांची मर्यादा घालून दिली. त्याहून जास्त फी घ्यायची असेल तर शाळेला विभागीय समितीपुढे हिशेब मांडावे लागतात, आणि राज्यातल्या चार विभागांपैकी एक आपला बडोदा आहे. त्या हिशेबात पगाराचा आकडा सर्वांत मोठा असतो. तो खरा किती आणि कागदावरचा किती, ही खरी अडचण आहे. अनुदानाची योजना आखायची झाली तर तिची सुरुवात त्या आकड्याच्या तपासणीपासूनच व्हायला हवी.

मांजलपूरची_शिक्षिका

कागदावरच्या आकड्याबद्दल मी माझा अनुभव लिहिते. शाळेचे नाव लिहीत नाही.

बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर मला वाघोडिया रोडच्या पलीकडे पहिली नोकरी मिळाली. नेमणुकीच्या पत्रावर पगार अठरा हजार होता. रुजू होण्याच्या दिवशी ऑफिसात माझ्याकडून बँकेच्या चेकबुकातले बारा चेक सह्या करून घेतले. तारीख आणि रक्कम कोरी होती. त्या चेकांना पिन मारून, वर माझे नाव लिहून ते एका पिवळ्या पाकिटात ठेवले आणि पाकीट लोखंडी कपाटात गेले. कपाट उघडे असताना मला दिसले की तशा पाकिटांची तिथे एक गठ्ठीच होती. दर महिन्याला माझ्या खात्यात अठरा हजार जमा होत आणि दोन-तीन दिवसांत आठ हजार निघून जात. उरलेल्या दहा हजारांत ॲक्टिवाचे पेट्रोल, आईची औषधे आणि धाकट्या भावाची फी. संध्याकाळी चार ते आठ मी घरी शिकवण्या घेत असे, म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी रात्री दहानंतर होई, आणि ती कशी होत असेल ते शिक्षकांना सांगायला नको.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की सरकारने वाटा जरूर द्यावा, पण शाळेच्या खात्यात देऊ नये. शाळेने आपला पगार जमा केल्याची नोंद दिसली की सरकारचा हिस्सा थेट शिक्षकाच्या खात्यात यावा आणि शिक्षकाला तक्रार करायची वेळ आली तर त्याचे नाव शाळेला कळू नये.

दांडियाबाजारकर

ताई, वाचून मन अस्वस्थ झाले. आमच्याकडे पगार कमी आहे, पण परत घेतलेला एक रुपयाही नाही, एवढे मी जबाबदारीने सांगू शकतो. थेट खात्याची आपली सूचना मी टिपून ठेवली आहे.

नर्मदाकाठ

मी छोटा उदेपूर जिल्ह्यात सरकारी प्राथमिक शाळेत विद्यासहायक म्हणून लागलो. खासगी शाळांच्या बारा हजारांबद्दल बोलताना सरकारने स्वतःच्या नव्या शिक्षकाला कसे वागवले आहे तेही पाहावे. विद्यासहायक योजना १९९८ मध्ये सुरू झाली तेव्हा ठरीव पगार महिना २,५०० रुपये होता. २०१७ मध्ये तो १९,९५० झाला आणि ऑक्टोबर २०२३ पासून २६,०००. पाच वर्षे हाच फिक्स पगार. महागाई वाढो की घरभाडे वाढो, त्यात फरक पडत नाही. पूर्ण वेतनश्रेणी पाच वर्षांनंतर. २०२३ मध्येच ज्ञानसहायक आले, तेही अकरा महिन्यांच्या कराराने: प्राथमिकला २१,०००, माध्यमिकला २४,०००, उच्च माध्यमिकला २६,०००. टेट-टाट या शिक्षक पात्रतेच्या परीक्षा पास झालेल्या मुलामुलींनी कायम भरतीसाठी आंदोलने केली ती याच कारणाने.

माझ्याबरोबर लागलेला एक मित्र आठ महिन्यांत तलाठी होऊन गेला. तलाठ्याचाही फिक्स पगार आमच्याएवढाच आहे, म्हणजे तो पैशासाठी गेला असे म्हणता येत नाही. आम्ही दोघे एका खोलीत राहत होतो. पहिलीतली मुले घरी राठवी बोलतात आणि पुस्तक गुजरातीत असते. पहिले तीन महिने वर्गात शिकवण्यापेक्षा आम्हीच मुलांकडून शब्द शिकत होतो. त्याला ती भाषा माझ्याआधी येऊ लागली होती. तो गेला आणि त्याच्या वर्गातली अडतीस मुले माझ्या वर्गात येऊन बसली. आतल्या गावात राहून शिकवणाऱ्याला सुरुवातीपासूनच शहरापेक्षा जास्त मिळाले असते तर तो थांबला असता, असे तो स्वतः मला म्हणाला आहे.

सराफ्याजवळ_इंदूर

आमच्या मध्य प्रदेशात उलटीच रीत आली. डिसेंबर २०१९ च्या आदेशाने नव्या नेमणुकांना पहिल्या वर्षी किमान वेतनाच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८० आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के रक्कम ठरली. प्राथमिक शिक्षकाची श्रेणी २५,३०० पासून सुरू होते, म्हणजे पहिल्या वर्षी हातात १७,७१०. माझी भाची त्याच काळात लागली. परीक्षेची गुणवत्ता यादी, कागदपत्रांची पडताळणी, सगळे शंभर टक्के द्यावे लागले आणि पगार मात्र सत्तर टक्के. अतिथि शिक्षकांचे मानधन सप्टेंबर २०२३ मध्ये दुप्पट करण्याची घोषणा झाली, तेव्हा सर्वांत खालच्या वर्गाचे ५,००० वरून १०,००० झाले. दुप्पट होऊन दहा हजार, एवढ्यावरून मूळ रक्कम किती खाली होती ते कळावे.

महाराष्ट्रात शिक्षण सेवकांचेही असेच आहे. २००० पासूनची योजना, तीन वर्षे मानधन, आणि प्राथमिकचे ६,००० वरून १६,००० व्हायला जानेवारी २०२३ उजाडला.

सुरसागर

ज्या शहरात आपण ही चर्चा करतो आहोत त्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी फक्त अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला होता. एका भागात करून पाहायचे, चुका तिथेच दुरुस्त करायच्या आणि मग पसरवायचे, ही रीत पगाराच्या अनुदानालाही लावता येईल. नर्मदाकाठ यांचा जिल्हा त्यासाठी पहिला घ्यावा.

कमाटीबाग

मी विद्यापीठात तेहतीस वर्षे शिकवले. राज्याने पगार वाढवावा म्हणून वरच्या सरकारने पैसा पुढे करायचा, हा प्रयोग आपल्याकडे उच्च शिक्षणात अनेकदा झालेला आहे आणि त्याचे गुणदोष मी जवळून पाहिले आहेत. शाळांबाबत कोठारी आयोगानेही (१९६४-६६) शिफारस केली होती की शिक्षकांच्या किमान वेतनश्रेणी केंद्राने ठरवाव्यात आणि त्या किंवा त्याहून वरच्या श्रेणी देण्यासाठी राज्यांना मदत करावी.

सहाव्या वेतन आयोगानंतर प्राध्यापकांच्या सुधारित श्रेणी आल्या तेव्हा केंद्राने १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातल्या वाढीव खर्चाचे ८० टक्के देऊ केले. अट अशी की योजना अख्खी स्वीकारावी, आणि त्यात निवृत्तीचे वय ६५ करणेही होते. त्या एका अटीवर कितीतरी राज्ये अडली. सातव्या आयोगाच्या वेळी केंद्राचा वाटा ५० टक्क्यांवर आला आणि मुदत १ जानेवारी २०१६ ते ३१ मार्च २०१९ एवढीच राहिली. त्यानंतरचा सगळा भार राज्यांवर.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. पैशाचा वाटा मोठा असला तर श्रेणी खरोखर बदलते. महाविद्यालयात रुजू होणारा आजचा तरुण सहायक प्राध्यापक ५७,७०० या मूळ वेतनावर सुरुवात करतो, आणि माझ्या पिढीला हे स्वप्नातही सुचले नसते. पण श्रेणी चांगली झाली की ती कमीत कमी माणसांना द्यावी, याकडे व्यवस्थेचा कल होतो. कायम जागा रिकाम्या राहतात, त्या कंत्राटाने भरल्या जातात. गुजरातेतल्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंत्राटी सहायक प्राध्यापक महिना ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षे शिकवत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना श्रेणीचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला तेव्हा त्यांना न्याय मिळाला. म्हणून दांडियाबाजारकरांनी आपल्या प्रस्तावात पगाराबरोबर जागांची संख्याही बांधून घ्यावी. वीस शिक्षकांची शाळा अनुदान आल्यावर सोळांची होता कामा नये.

सातासमुद्रापार

मूळची प्रतापनगरची, सध्या मिसूरीतल्या एका लहान गावात आठवीला गणित शिकवते. धाग्याच्या सुरुवातीला आमच्याच राज्याचे नाव पाहून लिहायला बसले.

३८,००० ची योजना आली तेव्हा आमच्या गावाला ती लगेच घ्यावीशी वाटली, कारण शेजारच्या मोठ्या गावात पगार आधीपासूनच जास्त होता आणि आमचे नवे शिक्षक दोन वर्षांत तिकडे जात. तरी मंडळाच्या सभेत पहिला प्रश्न हाच आला की पुढच्या वर्षी राज्याने पैसा दिला नाही तर काय करायचे, कारण ही रक्कम दर वर्षीच्या अर्थसंकल्पात मंजूर व्हावी लागते. एकदा वाढवलेला पगार खाली आणता येत नाही. पुढे २०२४ च्या कायद्याने २०२५-२६ पासून किमान पगारच ४०,००० डॉलर केला, तेव्हा ती धास्ती थोडी कमी झाली.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. माझ्या शेजारच्या वर्गातल्या बाईंना अकरा वर्षे झाली होती आणि त्यांचा पगार ३८,००० च्या थोडासाच वर होता. नव्या मुलीचा पगार एका फटक्यात त्यांच्या जवळ येऊन ठेपला. त्या काही बोलल्या नाहीत, पण नव्या शिक्षकांना हाताशी धरून शिकवण्याचे जे काम त्या आपणहून करत, ते त्यांनी त्या वर्षी सोडले. आर्कान्सामध्ये २०२३ मध्ये किमान पगार ३६,००० वरून थेट ५०,००० झाला, तेव्हा लहान गावांतल्या शाळांत हाच ताण आला. फ्लोरिडाने २०२० मध्ये ५० कोटी डॉलर काढले, त्यातले ४० कोटी सुरुवातीचा पगार ४७,५०० पर्यंत नेण्यासाठी आणि जुन्यांसाठी १० कोटी; तिथल्या अनुभवी शिक्षकांची नाराजी अजून ऐकू येते. न्यू मेक्सिकोने २०२२ मध्ये तीन पायऱ्या एकदम उचलल्या, ५०, ६० आणि ७० हजार, म्हणजे नवा वर आला तेव्हा जुनाही वर गेला. मला ही रीत सर्वांत न्यायाची वाटते.

वीस_वर्षे_फळ्याशी

शेवटच्या प्रतिसादातल्या त्या अकरा वर्षांच्या बाई मला शब्दही न बोलता कळल्या. मी अनुदानित नसलेल्या शाळेत वीस वर्षे शिकवते आहे आणि माझा पगार बावीस हजार आहे. उद्या नव्या मुलीला वीस मिळाले तर मला तिच्याबद्दल आनंदच होईल. तिची ओढाताण मी स्वतः सोसलेली आहे. मात्र माझ्या वीस वर्षांची किंमत दोन हजार ठरेल आणि ती किंमत शाळेच्या पगारपत्रकावर दर महिन्याला माझ्या सहीच्या ओळीत दिसेल. सरकारने पैसा द्यायचाच असेल तर राहणाऱ्याला आधी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातासमुद्रापार

ताई, टेक्सासने २०२५ मध्ये अगदी हेच केले. तीन-चार वर्षे झालेल्या शिक्षकाला वर्षाला २,५०० डॉलर आणि पाच किंवा जास्त वर्षे झालेल्याला ५,०००. पाच हजार किंवा त्याहून कमी मुले असलेल्या लहान मंडळांत हेच आकडे ४,००० आणि ८,००० आहेत. पहिल्या दोन वर्षांच्या शिक्षकाला त्या तरतुदीतून काहीच मिळत नाही. लहान गावाला जास्त, ही त्यातली गोष्ट नर्मदाकाठ यांच्या जिल्ह्याला लागू पडेल.

मांजलपूरची_शिक्षिका

वीस वर्षांच्या ताईंचा मी मान राखून सांगते की माझ्याबरोबर बी.एड. झालेल्या आम्हा मैत्रिणींपैकी निम्म्याजणी तिसरे वर्ष पाहायच्या आधीच वर्गाबाहेर गेल्या. राहणाऱ्याला द्यायचे तर आधी कोणीतरी राहायला हवे. दोन्ही हवे, हे मलाही मान्य आहे.

वीस_वर्षे_फळ्याशी

मान्य, बेटा. त्या निम्म्या मुली वर्गात असत्या तर मला एका दिवशी सात तास घ्यावे लागले नसते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे म्हणणे वाचून काल रात्री मी आमच्या शाळेचा हिशेब मांडला. चूक असेल तर हिशेबनीसांनी दाखवावी.

वीसपैकी सहा शिक्षक पहिल्या तीन वर्षांतले आहेत. त्यांना बाराऐवजी वीस हजार द्यायचे तर महिन्याला माणशी आठ हजार, म्हणजे वर्षाला ५,७६,००० रुपये वाढतात. मिसूरीच्या धर्तीवर सरकारने ७० टक्के दिले तर ४,०३,२०० त्यांचे आणि १,७२,८०० आमचे. सहाशे मुलांवर पसरले तर मुलामागे वर्षाला २८८ रुपये. मी येथे थांबलो असतो तर प्रस्ताव फार सोपा वाटला असता. पण फळ्याशी वीस वर्षे उभ्या असलेल्या ताईंचे वाचल्यावर उरलेल्या चौदा जणांना सरासरी तीन हजार वाढवून पाहिले. ते होतात ५,०४,०००, आणि त्यात सरकारचा वाटा धरलेला नाही. दोन्ही मिळून शाळेवर ६,७६,८००, म्हणजे मुलामागे वर्षाला १,१२८ आणि महिन्याला ९४ रुपये.

हिशेबनीस

आकडेमोड बरोबर आहे, दोन गोष्टी राहिल्या. वाढीव पगारावर भविष्यनिर्वाह निधीचा शाळेचा हिस्साही वाढेल, तो धरावा. आणि सरकारचा वाटा बहुधा खर्च झाल्यावर परत मिळेल, आधी हातात येणार नाही. कमाटीबाग यांनी सांगितलेल्या योजनांत तसेच होते. तेव्हा निदान सहा महिन्यांचे पूर्ण पैसे शाळेच्या गंगाजळीत हवेत. ते नसतील तर तिसऱ्या महिन्यात पगार लांबतील आणि मग वाढवलेल्या आकड्याला अर्थ राहणार नाही.

नर्मदाकाठ

महिना ९४ रुपये बडोद्यातला पालक देईल. आमच्याकडचा देऊ शकत नाही आणि त्याच्याकडून मागूही नये. म्हणून आतल्या भागात सरकारचा वाटा ७० वर न थांबता पूर्ण असावा, एवढी दुरुस्ती माझ्याकडून नोंदवा.

पालक_कारेलीबाग

मी सुरुवातीला विरोध केला होता, तो अर्धा मागे घेतो. ९४ रुपये मी देईन. माझी अट एकच आहे की कोणत्या पदाला किती पगार मिळतो आणि त्यात सरकारचे किती, फीचे किती, याचा कागद शाळेच्या सूचनाफलकावर नावे न घालता लावावा. मुलीला सोडायला जाईन तेव्हा मी तो वाचेन.

दांडियाबाजारकर

अट मान्य आहे. सरकारची योजना येईल तेव्हा येईल. चौदा जुन्या शिक्षकांची वाढ आणि नव्यांसाठी निदान चार हजार, एवढे आम्ही आमच्या पैशातून जूनपासून करावे असा ठराव मी पुढच्या सभेत मांडणार आहे. थेट खाते, जागांची संख्या आणि फलकावरचा कागद हे तीन मुद्दे जोडून शिक्षण विभागाला पाठवायच्या पत्राचा मसुदा येथेच टाकीन. कमाटीबागकाकांनी तो तपासून द्यावा ही विनंती.

कमाटीबाग

अवश्य. मसुदा गुजरातीतही करा, तोही पाहून देईन.

मांजलपूरची_शिक्षिका

एक विचारायचे राहिले. नोव्हेंबरात बाई गेल्या, मग त्या दहावीच्या वर्गाला वक्रीभवन कोणी शिकवले?

दांडियाबाजारकर

आमच्या आचार्यबाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दोन रविवार बोलावून. त्यांचा विषय संस्कृत आहे. आदल्या रात्री पुस्तक वाचून त्यांनी फळ्यावर आकृत्या काढल्या आणि मुलांनी त्या उतरवून घेतल्या. काचेचा ठोकळा आणि टाचण्या घेऊन करायचा प्रयोग मात्र झाला नाही.